कागद गिऱ्हाइकाच्या खिशात

कुठलंही काम आलं की आमच्या छापखान्यातले काका आधी विचारायचे, "साईज काय?" गिऱ्हाईक अजून खुर्चीत टेकलेलंही नसायचं. साईज कळली की तेवढाच कोरा कागद कापून ते टेबलावर ठेवायचे आणि त्याच्याकडे बघत चहा प्यायचे. चहा संपेपर्यंत डिझाईन डोक्यात तयार असायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

राजारामपुरीतल्या आमच्या प्रेसमध्ये त्यांनी तीस वर्षं लग्नपत्रिका आणि जत्रेची पोस्टरं केली. मालकांनी वेबसाईटची कामं घ्यायला सुरुवात केली तेव्हा मी नोकरीला लागले. माझं टेबल काकांच्या शेजारी होतं. पहिल्याच दिवशी माझ्या स्क्रीनकडे बघून त्यांनी तेच विचारलं.

"साईज नसते काका. ज्याचा जेवढा मोबाईल, तेवढं पान."

"मग ओळ कुठं तोडायची, ते कोण ठरवणार?"

"मोबाईलच ठरवतो."

त्यांनी खिशातला आपला मोबाईल काढून बघितला. मग म्हणाले, "म्हंजे कागद गिऱ्हाइकाच्या खिशात हाय की."

इतकं सोपं करून मला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं.

छापायला देण्याआधी ते प्रत्येक मजकूर तीनदा मोठ्यांदा वाचायचे. मी कारण विचारलं.

"एका पत्रिकेत मुहूर्त चुकलेला. पत्रिका वाटून झालेल्या. मग काय, यादी घेतली, पेन घेतला आन् स्कूटरवरनं घरोघर गेलतो. एकेक पत्रिका हातानं दुरुस्त केली."

"लोक काय म्हणाले?"

"जेवा म्हणाले. तीन दिवस नुसता जेवतच हुतो."

मी हसले. म्हटलं, आमचं बरं, वेबसाईटवर चुकलं तर दोन मिनिटांत दुरुस्त. त्यांनी पुढची पत्रिका मोठ्यांदा वाचायला घेतली.

पुढच्याच महिन्यात डोळ्यांच्या एका दवाखान्याच्या वेबसाईटवर मी मोफत तपासणीचा वार चुकवला. बुधवारऐवजी मंगळवार. संध्याकाळी लक्षात आलं, लगेच बदललं आणि हुश्श केलं.

"दिवसभर हुतं की ते," काका म्हणाले. "कुणी वाचलं आसंल तर?"

मंगळवारी सकाळी ते मला घेऊन दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसले. दहाच्या सुमाराला एक आजी आल्या. नातीनं मोबाईलवर वार वाचून सांगितला होता, म्हणून नेसरीहून पहिली एसटी धरून निघालेल्या. तपासणी उद्या आहे म्हटल्यावर त्या नुसत्या उभ्याच राहिल्या.

"आजी, चूक आमची हाय," काका म्हणाले. "बसा, च्या घ्या. मी बोलतो डॉक्टरांशी."

चूक माझी होती. काका आत गेले, आणि डॉक्टरांनी आजींचे डोळे त्याच दिवशी मोफत तपासले. मी तेव्हापासून मजकूर मोठ्यांदा वाचते.

हळूहळू काकांनाही वेबची गोडी लागली. स्क्रीनवरची खिडकी माऊसनं अरुंद करायची, रुंद करायची आणि ओळी सरकताना बघत बसायचं. "ह्येला घडी घालाय लागत न्हाय," म्हणायचे.

गेल्या वर्षी निवृत्त होऊन ते मुरगूडला गेले. त्यांच्याविना शेजारचं टेबल मोठं वाटतं. मागच्या रविवारी मी भेटायला गेले, तर कट्ट्यावर शेजारच्या मावशींना ते मोबाईल शिकवत होते. "अशी दोन बोटं ठेवा, आता लांब करा. दिसतंय न्हवं?" मावशी डोळे बारीक करून एकेक अक्षर लावत होत्या, आणि काका त्यांचा शब्द पुरा व्हायची वाट बघत होते. मला त्यांनी पाहिलं नव्हतं. मीही हाक मारायची घाई केली नाही.