चार बोटं खाली

"इथं काय टांगसान?"

कोणाच्याही घरात पाऊल ठेवलं की चाचांचा पहिला प्रश्न हाच. पाणी नको, चहा नंतर, आधी हे सांगा. आणि सांगेपर्यंत ते रिकाम्या जागेकडे असे बघत उभे राहायचे, की तिथं भिंत उभी झालेली त्यांना दिसतेच आहे, उशीर फक्त आपल्याकडून होतो आहे.

चाचा परतवाड्याचे. जिप्सम बोर्डाच्या भिंती आणि छत करणारे मिस्त्री. आमच्या शाळेच्या ऑफिसात पार्टिशन घालायला आले होते, तेव्हाची ओळख. वय साठीच्या पुढं, अंगकाठी अशी की बोर्ड उचलतात की बोर्डच त्यांना उचलतो असं वाटावं. असा एक कारागीर तुमच्याही पाहण्यात असेल. त्याच्या मागं लागून आपण घाई करतो, आणि तो आपल्याला मुळीच भीक घालत नाही.

माझ्या मायला अर्धांगाचा झटका आला आणि तिला मी गावाहून अमरावतीला माझ्या फ्लॅटमध्ये आणलं. उजवा हात आणि उजवा पाय, दोन्ही लुळे पडलेले. माय शेतात राबलेली बाई. तिनं दवाखान्यातून निघताना एकच मागणं मागितलं होतं, "मले बाकी काई नको. न्हानीत एकटीनं जाता आलं पाह्यजे." मी तिला धरून नेत होते, आणि दर खेपेला ती भिंतीकडे तोंड करायची. लेकीसमोर लाजावं लागतं, याचं तिला दुखण्याहून जास्त दुःख होतं.

हॉलचा एक भाग अडवून तिची खोली करायची आणि बाथरूमपर्यंत चिंचोळी वाट काढायची, असं ठरलं. दुसऱ्या मजल्यावर विटांची भिंत नको, असं सगळे म्हणाले. म्हणून मी चाचांना फोन केला.

"इथं काय टांगसान?" त्यांनी विचारलं.

"काही नाही हो चाचा. एखादं कॅलेंडर." मला शाळेत जायची घाई होती.

"तुमाले नाई विचारत. ज्याची खोली हाय त्याले विचारतो." ते मायकडे वळले. "माय, तुमी सांगा. बोर्ड पोकळ रायते. जिथं वजन येईन तिथं आतून आधीच लाकूड द्या लागते. मागून सुचलं तं उपयोग नाई."

माय पलंगावरून म्हणाली, "माहा फोटो लावा म्हना. हार घालाले बरं पडीन."

चाचा हसले नाहीत की हळहळले नाहीत. "फोटोले खिळा पुरते, माय. त्याले लाकूड कायले?" आणि मग त्यांनी विचारलं, "हात कोनता चालते?"

"डावा."

त्यांनी पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत डावा हात लांब करून चालून पाहिलं. मग वळून परत आले. "जाताना ही नवी भिंत, येताना ती जुनी. दोन्हीकडं दांडा पाह्यजे." आम्हाला, शिकल्यासवरल्या माणसांना, हे सुचलं नव्हतं. येताना तिचा हात दुसऱ्या बाजूला येणार, एवढंसुद्धा नाही.

पुढचे दोन दिवस मी रजा टाकली आणि आपसूकच त्यांची मदतनीस झाले. पट्ट्यांचा सांगाडा उभा राहिला, दांड्याच्या जागी आतून सागाची फळी बसली. बोर्ड जमिनीवर टेकवायचा नाही, बोटभर वर ठेवायचा, फरशी पुसताना पाणी वर चढतं. त्यासाठी त्यांच्याकडे लाकडाची एक तरफ होती, तिच्यावर पाय दाबला की बोर्ड वर उचलला जायचा. मी बोर्ड धरायची, ते स्क्रू मारायचे. "ताई, वर्गात पोरं धरता तसं धरा. जोर नका लावू, नजर ठेवा." स्क्रूवर त्यांचा फार जीव. "डोकं बोर्डावरच्या कागदात बुडलं पाह्यजे, पन कागद फाटला नाई पाह्यजे. कागद फाटला तं पकड गेली." एखादा स्क्रू जास्त आत गेला की ते स्वतःलाच "हाट!" म्हणायचे आणि शेजारी दुसरा मारायचे. एप्रिल महिना होता. कूलरचं तोंड त्यांनी आल्या आल्या खिडकीकडे फिरवलं होतं. ओल्या वाऱ्यानं बोर्ड फुगतो म्हणे. भिंतीला गारवा नको म्हणून आम्ही दोघं घामानं न्हायलो.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, तर लावलेले दोन बोर्ड काढून बाहेर ठेवलेले!

माझा पारा चढला. "चाचा, हे काहून काढले? झालं होतं ना सगळं!"

"मायले उभं करून पाह्यलं," ते खाली मान घालून म्हणाले. "चूक माही हाय. मी माह्या हातानं माप घेतलं. माय वाकून चालते. फळी चार बोटं वर झाली."

"चार बोटांनी काय होते? राहू द्या की."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "चार बोटं वर असलं तं मानूस धरत नाई ताई, लटकते. लटकलेला हात थकते. आन् थकला का सुटते."

त्यांनी मायला पुन्हा उभं केलं, तिचा डावा हात सहज जिथं पडला तिथं पेन्सिलीनं खूण केली, फळी खाली घेतली. काढलेले बोर्ड काही परत लावले नाहीत, भोकं पडलेला बोर्ड चाचांच्या लेखी मेलेला. नवे आणले.

दांडा बसल्यावर त्याला धरून त्यांनी दोन्ही पाय उचलले आणि लोंबकळले. मग मला म्हणाले, "आता तुमी." माझं वजन तुम्हाला सांगत नाही. मी लोंबकळले, भिंत हूं की चूं करेना, आणि माय झटक्यानंतर पहिल्यांदा खळखळून हसली.

हळूहळू ती चालायला लागली. पण मी तिच्या मागं असायचीच. बाथरूमची कडी लावू द्यायची नाही, दाराबाहेर उभी राहायची. ती चिडायची, "तू मांगून नको येऊ." मी ऐकायची नाही. पडली तर काय, ही भीती माझ्या मनातून जातच नव्हती.

चाचा कामानिमित्त अमरावतीला आले की स्टँडवरून थेट आमच्याकडे. आधी भिंत ठोकून बघायची, मग चहा. "माय, चालून दाखवा." ती परीक्षेला बसल्यासारखी चालून दाखवायची. एकदा मला तिच्या मागं जाताना पाहून ते म्हणाले, "ताई, भिंतीवर भरोसा हाय, मायवर नाई?" मी हसण्यावारी नेलं.

नंतर बरेच दिवस ते आले नाहीत. माय रोज विचारायची, म्हणून एका सकाळी फोन लावला. त्यांच्या मुलानं उचलला. "अब्बा गये, ताई. दीड महिना झाला. छातीचं होतं."

मायला सांगितलं. ती पाय खाली सोडून म्हणाली, "टॉवेल दे. अंगावरून पानी घ्या लागते."

"माय, दीड महिना झाला त्याले. आता कायले?"

"मले तं आज समजलं."

टॉवेल खांद्यावर टाकून ती उठली. मी सवयीनं मागं निघाले. तिनं वळून नुसतं पाहिलं, आणि मी जागेवर थांबले. दांडा धरून ती गेली, एक एक पाऊल टाकत. दार लागलं. आतून कडी सरकवल्याचा आवाज आला. मी तिच्या पलंगावर बसून राहिले. जीव मुठीत होता, पण उठले नाही.

थोड्या वेळानं पहिलं पाणी डोक्यावर पडल्याचा आवाज आला, आणि त्यामागून मायचा, घरचं माणूस गेल्यावर बायका काढतात तसा, मोठा गळा.