सगळ्यांना अ‍ॅडमिन

सिंगापूरमधल्या नोव्हेना भागातल्या एका क्लिनिकची जावा भाषेत लिहिलेली सिस्टीम आमच्या टीमकडे होती. लॉगिन केल्यावर प्रत्येकाला आपापल्या रोलपुरतंच दिसायला हवं, एवढं साधं काम. रिसेप्शनला अपॉइंटमेंट, पेशंटची फाइल फक्त डॉक्टर आणि नर्सला. एकदा मोठ्या डॉक्टरांसमोर 'परवानगी नाही' असं पान आलं आणि ते भडकले. मॅनेजर मला म्हणाला, आजच्यापुरतं सगळ्यांना अ‍ॅडमिन करून टाक. मी एक ओळ लिहिली: जो लॉगिन करेल तो अ‍ॅडमिन, म्हणजे त्याला सगळं खुलं. शेजारी शेरा मारला, 'तात्पुरतं', आणि जेवायला गेलो.

या शब्दाची मला आता शिसारी येते. कुणाची तक्रार आली नाही, म्हणून ती ओळ महिनोन् महिने तिथेच राहिली. माझी बायको त्याच क्लिनिकमध्ये गरोदरपणाच्या तपासणीला जायला लागली, तेव्हाही मला ती आठवली नाही.

तिसऱ्या महिन्यात तिचा गर्भपात झाला. आम्ही कुणालाच सांगितलं नाही, पुण्याला आईलाही नाही. तिला कुणाची कीव नको होती.

पुढच्याच आठवड्यात ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी मराठी मंडळींची सहल होती. जरा मोकळं वाटेल म्हणून मीच तिला नेलं. क्लिनिकच्या रिसेप्शनवरच्या एक बाई तिथे आल्या होत्या. त्या तिच्या शेजारी येऊन बसल्या, पाठीवरून हात फिरवला आणि चारचौघींसमोर म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस गं. पुढच्या वेळी होईल सगळं नीट." बायकोने हातातली पोह्यांची डिश खाली ठेवली.

सोमवारी मी सिस्टीमचा लॉग उघडला, कुणी कुठली फाइल कधी पाहिली त्याची नोंद. त्या बाईंनी तिची फाइल तीनदा उघडली होती. रोल, अ‍ॅडमिन. दुसऱ्याचं दुःख चघळणाऱ्या त्या बाईची मला किळस आली. मग ती ओळ काढायला गेलो, तर तिच्यापुढे लिहिणाऱ्याचं नाव होतं, माझं. ओळ काढून मी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, झालं ना, मग क्लिनिकला कळवायची गरज नाही. मी मान डोलावली. माझी मला इतकी घाण कधी वाटली नव्हती.

घरी बायकोने विचारलं, "तिला माझी फाइल बघू दिली कोणी?"

"सिस्टीममध्ये गडबड होती. आज काढून टाकली."

"कोणी काढली?"

"मी."

"निदान तू तरी होतास तिथे," ती म्हणाली आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.