बारीक अक्षरांचा लॅपटॉप

किस्से जमवावे लागत नाहीत. माझ्या ड्रॉवरमध्ये जुने चार्जर साठतात, तसे ते आपोआप साठतात. कुठला कुणाचा ते आठवत नाही, टाकवतही नाही, आणि सगळ्यांचा गुंता झालेला असतो. एक ओढावा तर चार बाहेर येतात. यात खरं किती आणि माझं किती, हे मात्र विचारू नका. मी गुंता सोडवायला बसलेलो नाही.

मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लॅपटॉप सांभाळायचो. नवा द्यायचा, जुना घ्यायचा आणि "चालत नाहीये" म्हणणाऱ्याला "बंद करून चालू करा" म्हणायचं. हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, काम एवढंच! जेवायला आम्ही चौघं एका टेबलावर: शनिवार पेठेतल्या आपटे मॅडम, खडकवासल्याकडचा शिंदे, नागपूरचे मेश्राम आणि मी, बापू. सगळे चाळिशी उलटलेले. बाकी कँटीनभर पंचविशीतली पोरं. खोदलेल्या रस्त्याला वळसा घालावा तशी ती आमच्या टेबलाला वळसा घालून जायची.

*

एका वर्षी नवे लॅपटॉप यायचे ठरले. मॉडेल दोन. एक सडपातळ, छोट्या स्क्रीनचं आणि दणदणीत रेझोल्यूशनचं. म्हणजे इवल्याशा जागेत ठिपकेच ठिपके. चित्र झकास, अक्षर मुंगीच्या पायाएवढं. दुसरं जाडजूड. स्क्रीन मोठी, ठिपके कमी, अक्षर ठसठशीत. पोरांनी त्याचं बारसंही करून टाकलं: "आजोबा मॉडेल"!

मी एकेकाला विचारत फिरलो, कुठलं देऊ? आमच्या टेबलावरच्या तिघांनी तीन वेगवेगळ्या वेळी एकच उत्तर दिलं, "सडपातळ."

आजोबा मॉडेल मागितलं ते नुकत्याच कॉलेजातून आलेल्या एका मुलीनं. म्हणाली, "सर, डोळ्यांना बरं पडतं ना ते." तिला वय लपवायचं नव्हतं, म्हणून डोळे सांभाळणं परवडत होतं!

*

आठवडाभरात आपटे मॅडम माझ्या खोलीत आल्या. "बापू, दार लावा."

मी लावलं.

"ह्याचं अक्षर मोठं करून द्या. माझ्यासाठी नाही. घरी सासूबाई बघतात कधीकधी."

"ऑफिसचा लॅपटॉप?"

"हो. त्यांना कोडिंगची आवड आहे."

मी अक्षर मोठं केलं. मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं आणि त्यांचे खांदे दोन इंच खाली आले. जाताना म्हणाल्या, "कुणाला सांगू नका. सासूबाईंना आवडणार नाही."

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेराव्याला मी जेवून आलो होतो.

*

शिंदे माझ्याकडे आला तो काम बिघडवूनच. त्यानं परस्पर रेझोल्यूशन उतरवलं होतं, तेही जुन्या चौकोनी स्क्रीनचं निवडून. अक्षरं मोठी झाली खरी, पण सगळं आडवं ताणलं गेलं. गोल होतं त्याचं अंडं झालं. कंपनीचा लोगो बटाटेवड्यासारखा दिसायला लागला.

आणि अशात व्हिडिओ कॉलवर आला आमचा मॅनेजर, रोहन. तिशीचा, काडीसारखा. शिंदे मायेनं म्हणाला, "सर, अंग धरलंय की! लग्न मानवलं!"

रोहननं त्याच दिवशी जिम लावली. दिवाळीपर्यंत तो इतका वाळला, की त्याच्या आईनं फोन करून एचआरला झापलं!

"बापू, हे आपलं आपल्यात," शिंदे म्हणाला. "डोळं गेलं म्हणत्याल. माणूस गेला म्हणायला मग येळ लागत नाय."

*

मेश्राम मात्र अक्षर मोठं करायलाही तयार नव्हते. "मागून दिसते ना, बापू. पोट्टे मागेच बसतात."

"मग चष्मा लावा. मी लावतोच की." माझा दोरीला बांधून गळ्यात असायचा. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याचं वय कुणी बघत नाही.

"नाकावर खुणा पडतात. घरी लावला तरी सवय होते, मग इथं हात नाकाकडे जाते. कोणाला सांगू नका."

म्हणून त्यांनी खुर्ची मागे घ्यायला सुरुवात केली. जवळचं दिसत नव्हतं, लांबचं स्वच्छ दिसायचं. हात लांब, मान मागे, खुर्ची मागे. दर आठवड्याला थोडी आणखी. शेवटी ते इतके मागे गेले, की पलीकडच्या टेस्टिंगवाल्यांनी त्यांना आपल्यातले समजून वाढदिवसाचा केक दिला! वाढदिवस दुसऱ्याचाच होता. मेश्रामांनी खाल्ला. म्हणाले, "पुण्यात कोणी आपणहून देते का कधी?"

कात्रजला दोन खोल्यांत एकटे राहायचे. बायको नागपूरला शिक्षिका, मुलगी तिथंच आर्किटेक्चर शिकत होती.

*

मग रोहननं बातमी आणली. प्रोजेक्टवरून एक माणूस कमी करायचा होता. तो बेंचवर बसणार. बेंच म्हणजे काम नसलेल्यांना बसवून ठेवायची जागा. पंचविशीचा माणूस तिथून दुसऱ्या प्रोजेक्टवर जातो. आमच्या वयाचा माणूस तिथून घरी जातो.

त्या दिवशी टेबलावर कुणी कुणाचा डबा चाखला नाही. शिंदे ठेचा विसरला होता आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मेश्राम मला जिन्यात म्हणाले, "पोरीचं पूर्ण होऊ द्या, बापू. मग मी स्वतःच जातो. तोवर टिकलं पाहिजे."

माझ्या तोंडाला नुसती खाज सुटली होती. तिघं एकाच टेबलावर, तिघांना एकच दुखणं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपणच एकटे! पण तिघांनी मला शपथा घातल्या होत्या. आयुष्यात मी पाळलेल्या तेवढ्याच.

*

परदेशातल्या क्लायंटसमोर तक्रारींचा तक्ता मांडायचं काम मेश्रामांकडे आलं. कोण राहणार हे त्यावरच ठरणार, असं रोहननं सुचवलं होतं. मेश्रामांनी तक्ता मला मोठ्या अक्षरांत छापून मागितला आणि घरी बसून अख्खा पाठ केला. शाळेत पाढे करतात तसा.

मीटिंगच्या खोलीत मी वायर धरून टीव्हीशेजारी उभा होतो. बाकी सगळे आपापल्या लॅपटॉपवर तोच तक्ता बघत होते, आणि दुसऱ्याकडून आलेल्या तक्त्याला मी वाढवलेलं अक्षर लागू होत नाही. मेश्रामांनी सुरुवात केली. स्वर खणखणीत. "पहिली तक्रार लॉगिनची. सुटली. दुसरी रिपोर्टची. काम चालू."

मी चष्मा चढवून टीव्हीकडे पाहिलं. पहिली ओळ लाल होती, पैसे भरायच्या पानाची. लॉगिन पार खाली! सकाळी रोहननं क्रम बदलला होता आणि सांगायचा विसरला होता.

मेश्राम टीव्हीला खेटून एका ओळीवर बोट ठेवत होते आणि वाचत होते दुसरीच. मी खोकलो. त्यांनी मला पाणी दिलं आणि पुढे चालू ठेवलं! शेवटच्या ओळीपर्यंत, एकदाही न अडखळता.

मी इतरांकडे पाहिलं. आपटे मॅडम मान डोलावत होत्या. शिंदे "बरोबर, बरोबर" म्हणत होता. रोहन फोनमध्ये होता. आणि पलीकडून क्लायंटकडचा पिकल्या केसांचा साहेब भरून येऊन म्हणाला, "व्हेरी क्लिअर!"

*

चहाच्या आत आपटे मॅडम माझ्या खोलीत. "मेश्रामांची नजर काय हो ती! मला तर एक अक्षर लागत नव्हतं. कुणाला सांगू नका."

त्या गेल्या तर शिंदे. "त्यो माणूस हाय का घार? म्या आपली मुंडी हलवली. बोलू नका कुठं."

शेवटी मेश्राम आले. घाम पुसत म्हणाले, "सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं ना, बापू? कोणी काही म्हटलं का?"

"तुमची नजर तीक्ष्ण आहे, म्हणाले."

त्यांनी मान मागे घेऊन माझा चेहरा न्याहाळला. मी थट्टा करतोय की काय, ते त्यांना ठरवता येईना.

*

मेश्राम राहिले. बेंचची पाळी आपटे मॅडमवर आली. जायच्या आधीच त्यांनी राजीनामा दिला. मी म्हटलं, "अहो, घरी बसून करणार काय?"

"वाचणार. आमच्या शनिवार पेठेतल्या पाट्या लांबूनसुद्धा वाचता येतात."

पुढे शिंदेची बदली दुसऱ्या इमारतीत झाली. टेबलावर आम्ही दोघंच उरलो. आणि कंपनीनं मेश्रामांच्या तीक्ष्ण नजरेची कदर केली. त्यांना सगळ्यात महागडा लॅपटॉप दिला. रेझोल्यूशन आधीच्या चौपट! त्यावरची अक्षरं शोधायला मलाच भिंग लागलं.

*

एका रविवारी मेश्रामांचा फोन आला. "बापू, मोठ्या आवाजाचा स्पीकर आहे का? घेऊन या. जेवायलाच या."

कात्रजच्या डेअरीमागचा त्यांचा जिना चढत होतो, तर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "वर चाललात ना? आज नागपूरला वांग्याचं भरीत आहे!"

मी वर गेलो. दार उघडंच होतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तो महागडा लॅपटॉप, आणि त्यात मेश्रामांची मुलगी ताट घेऊन बसलेली. इतकी स्वच्छ, की तिच्या भाकरीवरचे डाग दिसत होते. रविवारचं जेवण दोघं एकाच वेळी जेवायचे. बेतही एकच ठरवायचे. मेश्रामांचं वांगं करपलेलं होतं.

पण मेश्राम कुठं? मी खोली ओलांडली, पलीकडची ओलांडली. तर ते गॅलरीच्या टोकाला, कठड्याला पाठ लावून, मांडीवर ताट घेऊन बसलेले. चेहऱ्यावर ऊन. तिथून थेट ओट्याकडे बघत होते आणि हसत होते.

मी स्पीकर जोडला. मुलीचा आवाज घरभर झाला.

"बाबा, काहून इतके दूर बसता तुम्ही नेहमी? जवळ या ना जरा!"

मेश्रामांनी घास हातातच ठेवला आणि गॅलरीतून ओरडून सांगितलं,

"नाही, बेटा. जवळ आलो की तू दिसत नाहीस."