सिंधूकाकू आणि आमच्या गल्लीची गटार

सिंधूकाकूंशी भांडण झालं नाही असं आमच्या गल्लीत एकही घर नाही.

त्या आज सकाळी गेल्या. आणि त्याच घरांतली माणसं ढसाढसा रडली.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. श्रीरामपूरला आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाला काकूंची पिठाची गिरणी. खालच्या टोकाला रफिकचाचांचं टेलरिंगचं दुकान.

मधून रस्त्याकडेची गटार. कायम तुंबलेली.

कारण आम्हीच. गाडी आत घेता यावी म्हणून प्रत्येकाने दारापुढं गटारीवर सिमेंटचा पक्का रॅम्प घातलेला.

काकू मोबाईलवर फोटो काढून नगरपालिकेला पाठवायच्या. फोन करकरून त्यांचा जीव खायच्या. माणसं यायची, उघडी गटार साफ करायची आणि म्हणायची, "मावशी, रॅम्पखालचं कसं काढायचं?"

जोराचा पाऊस झाला की सगळं पाणी चाचांच्या दुकानात. एकदा लग्नाचे शिवून ठेवलेले कपडे भिजले. चाचा एकेक कपडा पिळत होते. काकूंनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून त्यांनी स्वतःचा रॅम्प फोडला.

मी म्हटलं, "काकू, तुमच्याकडं तर थेंबभर पाणी येत नाही."

"माज्या दारावरनंच खाली जातं ना ते?"

रॅम्पच्या जागी त्यांनी लोखंडी कड्या बसवलेली फरशी टाकली. दोघांनी कड्या धरून उचलायची, गाळ काढायचा, परत ठेवायची. सिम्पल.

मग जो दळण घेऊन येईल त्याच्यामागं भुणभुण. "तुजा रॅम्प कवा फोडतो?" पीठ हवं तर ऐकून घेणं भाग. वैतागून का होईना, एकेक घर कडीच्या फरशीवर आलं.

राहिले फक्त कदमभाऊ, चाचांचे शेजारी. नवा रॅम्प, वर टाइल्स. म्हणाले, "गटार नगरपालिकेची, रॅम्प माझा."

"आन चाचाच्या दुकानातला चिखल कोनाचा?"

त्या दिवसापासून भाऊंचं दळण दुसऱ्या गिरणीत. बोलणं बंद. आणि पाणी त्यांच्याच रॅम्पला अडून चाचांकडं शिरत राहिलं.

दवाखान्यातसुद्धा काकूंनी मला तेच विचारलं. "पाऊस झाला का रे? चाचाकडं पानी गेलं का?"

मला खोटं बोलता आलं नाही.

आज दुपारी काकूंना अग्नी देऊन अमरधामहून परतलो. अंघोळ केल्याशिवाय घरात जायचं नाही, म्हणून सगळे बाहेर नळावर. तेवढ्यात घणाचे घाव ऐकू आले. आजच्या दिवशी कोण ठोकाठोकी करतंय म्हणून मी तावातावाने गेलो.

कदमभाऊ. अंगावर मयतीचेच कपडे. टाइल्सचा चुरा झालेला.

माझ्याकडं न बघता म्हणाले, "अंघोळ तर करायचीच हाय. म्हटलं, आदी ही घान काढून घ्यावी."

चाचा घमेलं घेऊन आले. मी फावडं आणलं. मग एकेक जण येत गेला, कुणी कुणाला बोलावलं नाही.

खालून निघालेला गाळ बघून भाऊ घण ठेवून तिथंच बसले. चाचांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या भाऊ. निघाला ना आता."

गल्लीतल्या सगळ्यांच्या अंघोळी आज दिवेलागणीला झाल्या.

काकू, आभाळ भरून आलंय. आणि चाचांनी दुकानाच्या उंबऱ्याला लावलेल्या वाळूच्या पिशव्या आत्ताच काढून टाकल्या.

तुम्ही निवांत जा.