गिअरचा दिवा

बाबांच्या अँबॅसिडरला इंजिन किती वेगाने फिरतंय ते दाखवणारा काटा नव्हता. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीतल्या कुठल्याच भाड्याच्या गाडीला तो नसायचा. बाबा कानाने गाडी चालवायचे. इंजिनाचा आवाज एका ठरावीक पट्टीला पोचला की हात आपोआप गिअरवर. पेट्रोल परवडेना म्हणून त्यांनी गाडीत डिझेल इंजिन बसवून घेतलं, तेव्हा शेजारी म्हणाले, ही आता गाडी नव्हे, भाताची गिरण झाली. पण आठवड्याभरात बाबांनी त्या गिरणीचीही बोली शिकून घेतली. त्या गाडीतून नवऱ्या सासरी गेल्या, बाळंतिणी माहेरी आल्या, आणि ह्यांच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही असं बायका एकमेकींना सांगायच्या. मला त्याचा इतका गर्व होता की विचारू नका.

मग एका वर्षी घराखालच्या चढणीला गाडी पहिल्या गिअरमध्येच बोंबलत वर यायला लागली. इंजिन जीव तोडून ओरडतंय आणि बाबा शांत. कधी उलटं, चढ संपायच्या आधीच वरचा गिअर टाकायचे आणि गाडी धापा टाकत थांबायची. रेडिओवरच्या बातम्यांत काही राम उरला नाही म्हणून त्यांनी रेडिओही बंद केला. बाबांना ऐकायला कमी येत होतं. आईला कळलं होतं, मला कळलं होतं, पण तोंडातून शब्द काढायची कुणाची छाती नव्हती. आम्ही त्यांच्या समोर जाऊन बोलायचो, तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत पुन्हा म्हणायचो. आवाज मात्र कुणी चढवायचा नाही. आवाज चढवला की ते उघड झालं असतं. आणि उघड झालं की गाडी गेली. गाडी गेल्यावर बाबांचं काय उरलं असतं?

मी तेव्हा बावीस-तेवीसची. विहिरींवरच्या पंपांच्या मोटरी रिवाइंड करायच्या दुकानात कामाला होते. पोरगी तांब्याची तार गुंडाळते हे बघायला लोक मुद्दाम डोकावून जायचे. जाऊ देत मेले. मी ठरवलं, बाबांचा कान गेला तर जाऊ दे, गाडीला एक स्विच बसवू. इंजिन त्या ठरावीक वेगाला पोचलं की स्विच लागेल आणि बाबांना खूण मिळेल.

आता असा स्विच आणायचा कुठून? माझा मामा मुंबईला कारखान्यात होता. त्याला पत्र टाकलं, तर शिमग्याला येताना तो एक चकचकीत डबी घेऊन आला. काय तो त्याचा रुबाब! इलेक्ट्रॉनिक आहे म्हणाला, मुंबईत शर्यतीच्या गाड्यांना लावतात. मी कागद उघडून वाचला आणि कपाळावर हात मारला. डबी प्लगच्या ठिणग्या मोजून वेग ओळखणारी होती, आणि डिझेल इंजिनाला प्लगची ठिणगी असते कुठे? मामाचं म्हणणं, गाडी ती गाडी, त्यात काय एवढं. आमची चांगलीच जुंपली आणि पालखी दारात आली तरी आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

मग मी डायनमोच्या मागे लागले. इंजिन जोरात फिरलं की डायनमोची वीज वाढते, म्हणून त्यावर एक रिले, म्हणजे वीज वाढली की आपोआप लागणारा स्विच, लावून बघितला. पण हेडलाइट लावले की वीज तिकडे जायची आणि सगळं गणित कोसळायचं. पंधरा दिवस गेले आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

उत्तर दुकानातल्या भंगारात पडलेलं होतं. पंपाच्या मोटरीत एक स्विच असतो. त्याला दोन वजनं असतात, वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि स्विच सुटतो. ठिणगी नको, वीज नको, नुसतं फिरणं पुरे. तसले दहा-बारा काढून मी टेबलावर मांडले. मिनिटाला चौदाशे फेऱ्यांच्या मोटरीतला फारच लवकर सुटायचा. अठ्ठावीसशेच्या मोटरीतला बरोबर वाटला, त्यातल्या त्यात झिजलेला नसलेला एक निवडला. तो काम उलटं करायचा, वेग वाढल्यावर बंद व्हायचा, म्हणून मधे हॉर्नचा रिले घालून ते सुलटं केलं. मालक म्हणाले, छान, आता त्याला बझर जोड, सगळे बझरच लावतात. मी म्हटलं, नाही, दिवा. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, ड्रॉवर उघडला आणि एक लाल दिवा काढून दिला.

बाबांना सांगितलं की दिवा डिझेल वाचवण्यासाठी आहे. धडधडीत खोटं.

आता दिवा नेमका कधी लागायला हवा? हे ज्या कानाला माहीत होतं, तो कान तर गेला होता. मी अंगणात गाडी सुरू करून इंजिन वाढवत होते, कमी करत होते, आणि मला काही केल्या ठरवता येईना. स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. तिला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण वीस वर्षं चढणीवरचा तो आवाज ऐकून तिने चहाचं आधण ठेवलं होतं. ती पडवीत उभी राहिली, डोळे मिटले आणि म्हणाली, "वाढव. अजून. हां, इथे बदलायचे ते." स्विच पंख्याच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या पुलीला जोडलेला होता. ती पुली मी लेथवर कातून तीनदा लहान करून आणली, तेव्हा आईचा शब्द आणि दिवा एका वेळी जुळले.

देवरूखला एका लग्नघरी दुसऱ्या दिवसाची गाडी ठरवायला जायचं होतं, तीच चाचणी. बाबांच्या शेजारी मी. दिवा लागला, बाबांनी गिअर टाकला. पुन्हा लागला, पुन्हा टाकला. हातखंबा मागे पडेपर्यंत गाडी पूर्वीसारखी लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. बाबा माझ्याकडे बघून हसले. वर्षभरात तसे हसले नव्हते. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

पुढे एका पुलापाशी मागे एसटी आली आणि हॉर्न वाजवायला लागली. बाबा रस्त्याच्या मधोमध. मला आरशात दिसत होतं, ऐकू तर येतच होतं. एवढंच म्हणायचं होतं की मागे गाडी आहे. ते मी म्हटलं नाही. वाटलं, आता बघतील आरशात, आता बघतील. ते त्या लाल दिव्याकडे बघत होते. वळणावर एसटी अंगावरून पुढे घुसली, समोरून ट्रक, आणि बाबांनी गाडी गटारात घालता घालता थांबवली. एसटीचा ड्रायव्हर काय काय बोलून गेला ते मी सांगणार नाही.

बाबांनी इंजिन बंद केलं. माझ्याकडे वळून विचारलं, "कधीपासून वाजवत होता?"

"पुलापासून."

"तुला ऐकायला येत होता."

मी मान हलवली.

"मग बोलली का नाहीस गो?"

ते रागावले असते तर मी दुप्पट रागावले असते, तेवढं मला जमतं. ते रागावले नव्हते. मी रडायला लागले. ते उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि मी ड्रायव्हरच्या जागेवर सरकेपर्यंत उभे राहिले. सड्यावरच्या मोकळ्या कातळावर गाडी त्यांनीच मला शिकवली होती, लायसनही काढून दिलं होतं. देवरूखपर्यंत मी चालवली. त्यांनी एकदाही काही सुचवलं नाही, बाहेर बघत बसले.

लग्नघरी पाणी देण्याआधीच बाबा नवरीच्या वडिलांना म्हणाले, "मला ऐकायला येत नाही. उद्या गाडी ही चालवेल. चालत असेल तर हो म्हणा." वर्षभर आम्ही ज्याला घाबरलो ते त्यांनी परक्याच्या अंगणात चपला काढता काढता सांगून टाकलं.

त्या गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग विचारलं, आठच्या आत येशील ना? मी हो म्हटलं. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना प्रश्न कळला नव्हता. मी त्यांच्याजवळ गेले नाही, शब्दही बदलले नाहीत. साऱ्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "आठच्या आत बोलावलंय, बाबा!"

"मग साडेपाचला निघू," बाबा म्हणाले.