देवासचा नळ आणि बोलणारा फोन

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. संपादकाने कापलेला मजकूर मात्र माझ्या डोक्यात साचत राहतो. मृणाल मॅडमच्या संशोधनावर मी भरभरून लिहिलं, छापून आल्या चार ओळी. वर ऐकवलं, "यात बातमी कुठे आहे?" घ्या, इथे आहे!

मॅडम मध्य प्रदेशातल्या देवासच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवतात. ज्यांना दिसत नाही, ज्यांचा हात थरथरतो, त्यांना मोबाइल नेमका कुठे अडवतो, हा त्यांचा अभ्यास. त्यांना येऊन मिळाल्या संध्याताई. गाणं शिकवतात, जन्मापासून दिसत नाही, एकट्या राहतात. गावात नळाचा भरवसा नाही, म्हणून पाण्याची वेळ सांगणारं सरकारी ॲप निघालं. तेच ताईंना चालवता येईना. इंदूरच्या भावाने तंबी दिली, "पुढच्या महिन्यात गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेव!" ताईंना स्वतःचं घर सोडायचं नव्हतं.

*

ताईंचा फोन पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो, पण इतक्या वेगाने की मला कढईत मोहरी तडतडल्यासारखं वाटलं.

"ताई, यातलं तुम्हाला काही कळतं?"

"सगळं! तुम्ही बोलता तेव्हा मात्र मध्येच डुलकी लागते."

*

ॲपवाल्या ठेकेदाराला मॅडमनी बोलावून घेतलं. ताईंनी पडद्यावर बोट फिरवलं. फोन म्हणाला, "बटन. बटन. बटन." कशाचं बटन, ते फोनलाच ठाऊक नाही! बटणांना कुणी नावंच दिली नव्हती.

ठेकेदार खांदे उडवत म्हणाला, "मॅडम, अंधे लोग ॲप थोड़ी चलाते हैं!"

शेजारच्या खुर्चीतून ताई माळवी ठसक्यात म्हणाल्या, "भिया, चलाने दो तो चलाएँ!"

माझं पित्त खवळलं होतं. मी पेन काढलं. मॅडमनी माझा हात दाबला, "थांबा हो, आधी दुरुस्त करून घेऊ. मग झोडपा."

*

आठवड्याने ठेकेदारसाहेब छाती काढून आले. "सब बटन को नाम दे दिया!"

ताईंनी बोट ठेवलं. फोन खणखणीत बोलला, "फाइनल. न्यू फाइनल. फाइनल टू." बटणांवरच्या चित्रांच्या फाइलींची नावंच त्यांना चिकटवली होती!

शिवाय आत शिरायला नवी परीक्षा. आपण माणूस आहोत हे सिद्ध करायचं, चित्रातला ट्रॅफिक सिग्नल ओळखून. ताई भडकल्या, "देवासात डोळसांना सिग्नल दिसत नाही, तो मला दिसणार?"

परीक्षा त्याच दिवशी रद्द!

*

मग मॅडमबरोबर धारला गेलो. तिथले आबासाहेब जुन्या दरबारी घराण्यातले. नजर तीक्ष्ण, पण हाताला कंप. धारसाठीही तेच ॲप. गल्लीतला पाइप फुटला म्हणून त्यांनी तक्रारीचं इवलंसं बटण एकदा दाबलं. बोट थरथरलं आणि तक्रारींचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी अख्खं पथक हजर. "पूरा मोहल्ला भड़का हुआ है क्या?"

आबासाहेबांनी मिशीवर हात फिरवला, "मोहल्ला शांत आहे. आम्ही एकटेच पुरे आहोत."

पाइप दुरुस्त झाला. मॅडमनी बटण मोठं करून घेतलं, आणि लागोपाठ कितीदा दाबलं तरी तक्रार एकच. आबासाहेब अजून रुसलेत, "छोटंच बरं होतं!"

*

अखेर ॲप बोलायला लागलं, नीट, नावानिशी. पण भावाला कोण सांगणार? ठरल्याप्रमाणे तो गाडी घेऊन आला. ताईंची बॅग डिकीत टाकली. ताई उंबऱ्यातून हलेनात.

तेवढ्यात फोन तडतडला. ताई गल्लीत जाऊन ओरडल्या, "अरे, नल आ रहा है! उठो सब!"

भर दुपार, वेळ नळाची नव्हे. तरी दारं धडाधड उघडली. बादल्या, घागरी, पिंपं बाहेर आली. आणि नळ आला!

शेजारची भाभी घागर लावता लावता भावाला म्हणाली, "भाई साहब, दीदी को ले जाओगे तो हमें बताएगा कौन?"

"अहो, वो ॲप तो सबके फोन में है!"

"है तो सही," भाभी म्हणाली, "पर सरकारी ॲप पे भरोसा कौन करे, भिया?"

भावाने डिकी उघडली, बॅग काढून उंबऱ्याच्या आत ठेवली आणि विचारलं, "संध्या, तुझी बादली कुठे आहे?"