घरचा शेवटी

वायरलेस रूममध्ये नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. दिवसभर दुसऱ्यांचंच ऐकायचं ना! मोबाईल तेव्हा शहरातसुद्धा मोजक्यांच्या खिशात. जयगडला मच्छीमार सोसायटीच्या आमच्या रूमवर दोन अँटेना होते, एकाचं तोंड मुरुडकडे, दुसऱ्याचं रत्नागिरीकडे. एका सेटवर तात्या, दुसऱ्यावर मी. रोज संध्याकाळी समुद्रातल्या बोटींची हजेरी व्हायची. नाव पुकारलं की तांडेलाने, म्हणजे बोटीच्या कप्तानाने, बोलायचं, आणि बाहेर ओट्यावर घरच्या बायका जीव मुठीत धरून ऐकायच्या.

तात्या एरवी गरीब माणूस. माईक हातात आला की जमदग्नी!

* * *

दोन दिशांच्या दोन बोटी एकाच वेळी बोलल्या तरी चालायचं. एकाच अंगाच्या दोन बोलल्या की झाला गोंधळ. एकदा मुरुडकडच्या दोघांनी पाळी सोडून एकदमच तोंड उघडलं आणि सेटमधून नुसती किंचाळी आली. ओट्यावर एकीने हंबरडाच फोडला.

तात्या ओरडले, "मेल्यांनो, दोघं बोललात म्हणजे कोणीच नाय बोललात! हय बायका रडतायत!"

त्यानंतर पाळी मोडायची कोणाची छाती झाली नाही.

* * *

पांडू तांडेलाचा आवाज खणखणीत. किती सुरमई मिळाली, जेवायला काय केलंय, सगळं सांगत बसायचा. तोवर लांबच्या बोटींचे बारीक आवाज विरून जायचे. शेवटी तात्यांनी कायदा केला, वारा सुटला की बारीक आवाज आधी.

"आणि मी?" पांडू चिडला.

"तू जिवंत आहेस हे साऱ्या गावाला ऐकू येतंय. थांब!"

* * *

दुसरा कायदा त्याहून कडक होता. ऑपरेटरच्या घरची बोट शेवटी. तात्यांचा मुलगा विनू 'जलदुर्गा'वर तांडेल होता. माई, म्हणजे तात्यांची बायको, चहा घेऊन यायची आणि दारातच उभी राहायची.

"आमचा झाला काय हो?"

"शेवटी."

चहा निवायचा, पण माई काही हलायची नाही. मला तिच्याकडे बघवायचं नाही.

* * *

दिवाळीनंतर एका संध्याकाळी अचानक वारा फिरला. छपरावरचे अँटेना थरथरत होते. आम्ही आधी बारीक आवाज घेतले, मग बाकीचे. एकेक बाई देवाचं नाव घेत घरी गेली. ओट्यावर माई एकटी उरली. मला इतकी भीती वाटत होती की तात्यांनी 'जलदुर्गा' पुकारूच नये असं वाटलं.

त्यांनी पुकारलं.

"तात्या, आली काय आमची पाळी?" विनूचा आवाज स्वच्छ आला. "इंजिन बंद पडलंय. बोटीत कमरेएवढं पाणी आहे."

"कधीपासून?"

"हजेरी चालू व्हायच्या आधीपासून."

"मग बोललास का नाय, मेल्या!"

"घरचा शेवटी ना, तात्या?"

तात्यांनी माईक टेबलावर ठेवला. माईक मी ओढून घेतला आणि सगळ्यात जवळ असलेल्या पांडूला बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो एकच शब्द बोलला, "निघालो."

त्याने बोट ओढत आणली, माणसांसकट.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्या सेटवर बसले. हजेरीचं पहिलं नाव त्यांनी घेतलं, "जलदुर्गा!"

'जलदुर्गा' धक्क्याला बांधलेली होती. विनू तात्यांच्या मागेच उभा होता.

"तात्या, मी हय आहे!"

"माईकवर बोल," तात्या म्हणाले.